सतरा, एकोणीस की एकवीस?

भोरहून महाडला उतरताना वरंधा घाटात जी यू वळणं लागतात, त्यांतल्या एखाद्याची त्रिज्या १५ मीटर धरू. गाडी ३० अंशांत कलवली तर त्या वळणातून ताशी ३३ किलोमीटरनं निघता येतं. ४० अंशांत कलवली तर ४० किलोमीटरनं, पण ओल्या डांबरावर तेवढी कलवणारा शहाणा माणूस मला अजून भेटलेला नाही. गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. त्यात वळणाची त्रिज्या येते, गुरुत्वाकर्षण येतं, कलण्याचा कोन येतो. इंजिनाचे सीसी येत नाहीत, आणि जिच्यासाठी शोरूममध्ये आपण लाखांनी पैसे जास्त मोजतो ती अश्वशक्ती तर कुठेच येत नाही.

कावासाकीची स्पोर्ट टूरर निन्जा १०००एसएक्स १४२ पीएसची, रॉयल एनफिल्डची अॅडव्हेंचर गाडी हिमालयन ४५० जेमतेम ४० पीएसची. त्या वळणात दोघी शेजारीशेजारी चालतील. फरक पडतो तो वळणाच्या आधी आणि नंतर. पलीकडे काय आहे ते किती लवकर दिसलं, उतारावर ब्रेक लावताना पुढच्या चाकाचा अंदाज हाताला किती येत होता, आणि जे दिसलंच नाही ते चाकाखाली आल्यावर गाडीनं किती पचवलं, यावर घाटातला वेग ठरतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. सह्याद्रीत वर्षातले बहुतेक महिने अॅडव्हेंचर गाडी स्पोर्ट टूररच्या पुढे राहते, आणि त्याचा कच्च्या रस्त्यांशी फारसा संबंध नाही.

दोन्ही घराणी युरोपात वाढली, आणि दोघांचे मूळपुरुष एकाच कंपनीचे. बीएमडब्ल्यूनं १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली. तिचं फेअरिंग पिनिनफारिनाच्या पवनबोगद्यात तपासून घडवलेलं होतं. चालवणाऱ्याच्या छातीवरचा वारा अडवायचा, म्हणजे तो दिवसभर वेगात जाऊनही संध्याकाळी माणसात असेल, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. स्पोर्ट टूरिंगची पुढची सगळी कल्पना त्यातूनच वाढली. चारच वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच कंपनीनं आर ८० जी/एस काढली. आठशे सीसीच्या आत-बाहेरचं बॉक्सर इंजिन, ५० अश्वशक्ती, उंच सस्पेन्शन, रुंद हँडल. १९८१ ची पॅरिस-डकार शर्यत ह्यूबेर ओरिओलनं बीएमडब्ल्यूवर जिंकली आणि या प्रकाराला वाळवंटाचं वलय मिळालं. घेणाऱ्यांनी मात्र गाडी वाळवंटात नेली नाही. ती घेऊन ते आल्प्समध्ये गेले, डांबरी रस्त्यांवर.

तिथल्या रस्त्यांची जात वेगळी आहे. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात, १८२० ते १८२५ दरम्यान बांधला गेला. उंची साधारण २,७५७ मीटर, आणि प्रातोच्या बाजूनं चढताना ४८ यू वळणं, प्रत्येकावर क्रमांकाचा दगड. ती इतकी आवळलेली आहेत की तिथे लांब, खाली वाकून बसायच्या गाड्यांचे हाल होतात. रुंद हँडल धरून ताठ बसलेला माणूस मात्र गाडी सहज फिरवतो. यंत्राच्या पातळीवर दोन घराण्यांत देवाणघेवाणही होत राहिली. ब्रेक लावल्यावर गाडीचं नाक खाली बसू नये म्हणून बीएमडब्ल्यूनं टेलिलिव्हर नावाची पुढच्या सस्पेन्शनची रचना केली. ती आधी आली १९९३ च्या आर ११०० आरएसवर, म्हणजे स्पोर्ट टूररवर, आणि तिथून पुढच्या वर्षी अॅडव्हेंचर घराण्यातल्या जीएसवर उतरली. आज ती रचना म्हटली की लोकांना जीएसच आठवते.

आता चाकांकडे येऊ, कारण घाटातला निम्मा स्वभाव पुढच्या चाकात असतो. स्पोर्ट टूररचं पुढचं चाक १७ इंची, त्यावर १२० मिलिमीटर रुंदीचा टायर. हिमालयनचं २१ इंची, टायर ९० मिलिमीटरचा. मधल्या गटात एकोणीसवाल्या: जीएस, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आणि चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० अॅडव्हेंचर, २०२० साली आलेली पहिली.

चाक मोठं असलं की ते खड्ड्यात कमी उतरतं, दगडाच्या धारेवर उथळ कोनातून चढतं. पण फिरणारं मोठं चाक आपली दिशा सोडायला तयार नसतं. गाडी कलवायची म्हणजे ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल किंचित पुढे ढकलायचं. सायकलवर हे आपण न कळत करतो, जड गाडीवर जाणूनबुजून करावं लागतं. सतरा इंचीला ढकललं की ती तत्काळ पडते. एकवीस इंची आधी विचार करते, मग पडते. डावं-उजवं-डावं अशी सलग वळणं आली की हा विचार करण्याचा वेळ साचत जातो. रुंद हँडलमुळे हाताला जास्त जोर मिळतो आणि त्यातलं बरंचसं भरून निघतं, पण सगळं नाही. शिवाय ९० मिलिमीटरच्या टायरवर जोरात ब्रेक लावताना हाताला जो विश्वास हवा तो एका मर्यादेपुढे येत नाही. म्हणून घाटासाठी मला एकोणीस इंची चाक सगळ्यांत शहाणं वाटतं. जीएसच्या एकोणिसावर टायर १२० मिलिमीटरचाच असतो, निन्जाएवढा रुंद. तिथे तर तडजोड जवळजवळ उरतच नाही.

हे सगळं गुळगुळीत डांबर गृहीत धरून. आपल्याकडचा घाट मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरचा आंबेनळी घाट जागोजागी खचला आणि वाहून गेला. वरंध्यात दरडीच्या भीतीनं पावसाळ्यात वाहतूक थांबवावी लागते, तेही अनेकदा. रस्ता खुला असतो तेव्हाही वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी साचलेली असते, कारण मोठ्या गाड्यांची चाकं ती तिकडे झाडत नेतात. ताम्हिणीत आणि आंबोलीत झाडांच्या सावलीतली वळणं ऑक्टोबरपर्यंत शेवाळलेली असतात. काठोकाठ टाकी भरलेल्या मालट्रकमधून डिझेल सांडतं ते नेमकं उभ्या चढाच्या वळणावर, म्हणजे जिथे आपण सगळ्यांत जास्त कललेले असतो तिथे. मग कुठे रस्ता उखडलेला, कुठे बुजवलेल्या खड्ड्याचा उंचवटा, कुठे नव्या काँक्रीटच्या स्लॅबचे सांधे.

अशा ठिकाणी निन्जाच्या पुढच्या फोर्कला खाली बसायला मिळतात १२० मिलिमीटर. हिमालयन ४५० ला २००, जुन्या ३९० अॅडव्हेंचरला १७०, जीएस १२५० ला १९०. कललेल्या गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की सस्पेन्शनचा प्रवास जिच्याकडे जास्त शिल्लक आहे तिचं चाक रस्त्याला चिकटून राहतं, दुसरीचं उसळतं. उसळलेलं चाक त्या क्षणी ना वळवतं, ना थांबवतं. स्पोर्ट टूररवाल्याला हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक आंधळ्या वळणावर तो आपसूक वेग कमी धरतो. गाडीची क्षमता तशीच असते, त्याचा भरवसा गेलेला असतो. हिमालयनवाला त्याच वळणात पूर्वीच्याच वेगानं शिरतो. दोघांमधलं अंतर वाढतं ते असं, थोडंथोडं.

उंचीबद्दलही एक गैरसमज आहे. कागदावर निन्जाचं सीट ८३५ मिलिमीटर, जीएसचं ८५० आणि हिमालयनचं ८२५. म्हणजे सीट साधारण एकाच पातळीवर. फरक पाठीचा आहे. अॅडव्हेंचर गाडीवर पाठ ताठ, हँडल वर आणि जवळ, त्यामुळे डोळे वीतभर वर येतात. निन्जावर माणूस किंचित पुढे झुकतो, आणि लांबच्या उतारावर शरीराचा भार मनगटांवर उतरत जातो. कठड्यावरून पलीकडच्या वळणातली एसटीच्या टपाची कड दिसणं आणि न दिसणं, यातला फरक कधीकधी त्या वीतभराचा असतो. ४० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला ११ मीटर जातात. ब्रेककडे बोटं जाईपर्यंतच एक सेकंद संपतो.

तरी निन्जाची बाजू मांडायला हवी, कारण ती खरोखर देखणी चालते. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, डांबर नवं असताना, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी, पर्यटकांच्या गाड्या खोळंबायच्या आधी: अशा वेळी तिची बरोबरी नाही. लांब, उघडी वळणं. चार सिलिंडरांचं इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कुठूनही एकाच ओढीनं उठतं. पुढचं चाक डांबराचा पोत हातापर्यंत आणून देतं. गाडी एकदा कलली की त्या कोनात दगडासारखी स्थिर राहते, तर उंच सस्पेन्शनची गाडी ब्रेक सोडताना आणि ॲक्सिलरेटर देताना पुढेमागे हलते, आणि ती हालचाल सवयीनंच पचवावी लागते.

ओव्हरटेकिंगचा मुद्दाही स्पोर्ट टूररच्या बाजूचा. चढावर मालट्रक १५ च्या वेगानं रांगत असतो आणि पुढचं वळण ८० मीटरवर दिसत असतं. निन्जाला एवढी जागा भरपूर झाली. हिमालयनवर मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान असेल तर आधी एक गिअर पाडायचा, ट्रकपासून थोडं मागे राहून धाव घ्यायची, आणि तरीही मनाची खात्री करून मगच बाहेर पडायचं. घाटात ताकद लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी डबलसीट आंबेनळी चढून बघावं.

दोन्हींची मोट बांधायचे प्रयत्न बरेच झाले. त्यांतला सगळ्यांत बोलका डुकाटीच्या मल्टिस्ट्राडाचा. अमेरिकेत कोलोराडोतल्या पाइक्स पीक पर्वतावर दरवर्षी चढाईची शर्यत होते. सुमारे २० किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४,३०२ मीटरवर. पूर्वी तो रस्ता बराचसा कच्चा होता. २०१२ ची शर्यत पहिल्यांदाच पूर्ण डांबरी रस्त्यावर झाली, आणि कार्लिन डन मल्टिस्ट्राडा १२०० एसवर दहा मिनिटांच्या आत शिखरावर पोचला. मोटरसायकलवर ते आधी कोणालाच जमलं नव्हतं. ती गाडी ताठ बसायची, रुंद हँडलची, उंच सस्पेन्शनची, आणि चाकं मात्र दोन्ही १७ इंची. म्हणजे अॅडव्हेंचरची बैठक आणि स्पोर्ट टूररचे पाय. हाच डन २०१९ मध्ये त्याच शर्यतीत, डुकाटीच्या दुसऱ्या गाडीवर, शिखरापासून अगदी थोड्या अंतरावर पडून गेला. पुढे आयोजकांनी मोटरसायकलींचा गटच बंद केला.

याच जातीची परवडण्यातली गाडी आपल्याकडे आहे, आणि तिच्याकडे लोक फारसं वळून बघत नाहीत. कावासाकीची व्हर्सिस ६५० चाकणलाच जुळवली जाते. दिसायला अॅडव्हेंचर, पण पुढे-मागे १७ इंची चाकं. पुढच्या फोर्कला १५० मिलिमीटर, म्हणजे निन्जापेक्षा थोडे जास्त, हिमालयनपेक्षा बरेच कमी. दोन सिलिंडर, ६६ पीएस. कच्च्या रस्त्यावर ती शोभत नाही म्हणून अॅडव्हेंचरवाले तिला नाक मुरडतात, आणि दिसण्यात धार नाही म्हणून दुसरेही. दिवाळी ते होळी या काळात पुण्याहून कोकणात उतरायचं असेल, मागे माणूस असेल, आणि रस्ता डांबरीच असेल, तर मी तीच मागून घेईन. पावसाळ्यात मात्र एकोणीस इंचीच.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात. गाडी कललेली असताना ब्रेक दाबला तर साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण वळणात किती दाब झेपेल याचा हिशेब त्याच्याकडे नसतो. कलण्याचा कोन मोजून ब्रेकचा जोर ठरवणारी बॉशची यंत्रणा पहिल्यांदा बसली केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर, २०१४ च्या मॉडेलवर. तीही अॅडव्हेंचर गाडीच, हे लक्षात घ्या. आता निन्जा १०००एसएक्सवर तशी सोय आहे आणि ३९० अॅडव्हेंचरवरही. हिमालयनवर नाही. घाटात चुकून ब्रेक जास्त दाबला जातो तो वळणाच्या मध्यावर, समोर म्हैस किंवा माकड आल्यावर. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर ते पीएसवर घालण्याआधी इथे घालावेत. चांगले टायर मात्र याच्याही आधी. कंपनीतून आलेला टायर निम्मा झिजला की गाडीचं वर्तन बदलतं, आणि दोष सस्पेन्शनला दिला जातो.

राहिला थांबण्याचा प्रश्न, ज्याबद्दल गाड्यांच्या परीक्षणांत क्वचितच कोणी लिहितं. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा नियमच आहे. उतारावर समोरून एसटी वर येते आणि तुम्हाला डाव्या कडेला थांबावं लागतं. सवयीनं डावा पाय खाली जातो. पण रस्ता कडेला खाली ढळलेला असतो, डांबर संपून खडी सुरू झालेली असते, आणि पायाला जमीन वीतभर आणखी खाली शोधावी लागते. १९६ किलोची हिमालयन अशा वेळी एका मांडीवर सावरता येते. २३८ किलोची निन्जा किंवा २४९ किलोची जीएस १२५०, वर सामानाच्या पेट्या, एकदा त्या बाजूला झुकली की सावरत नाही. अशा ठिकाणी गाडी कडेपासून हातभर आत ठेवावी, पुढचा ब्रेक धरून ठेवावा आणि उजवा पाय टेकावा, म्हणजे भार उंच बाजूला राहतो. एसटीचा ड्रायव्हर जागा नाही म्हणून हॉर्न वाजवेल. तेवढा वाजवू द्यावा.