शेरा : ‘एमटीआय हेवी’

कॉल सेंटरच्या मुलाखतीच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, ‘एमटीआय’. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे उमेदवाराच्या इंग्रजीवर त्याच्या मातृभाषेची छाप किती. तिथे ‘हेवी’ असं लिहिलं गेलं की बाकीचे रकाने कोणी वाचायचं नाही. २००३-०४ च्या सुमारास पुण्यात मी या भरतीच्या कामाला लागले. तेव्हा या एका शेऱ्याने जेवढी मुलं घरी गेली, तेवढी दुसऱ्या कुठल्या कारणाने गेली नसतील.

दिवस तेजीचे होते. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कामातून पुढे डब्ल्यूएनएस उभी राहिली. १९९७ मध्ये जीईने गुडगावात केंद्र काढलं. पाच-सात वर्षांत मालाडच्या माइंडस्पेसपासून पुण्याच्या कल्याणीनगर-मगरपट्ट्यापर्यंत रात्रभर दिवे जळू लागले. पेपरात ‘वॉक-इन’ची जाहिरात आली की सकाळी गेटवर रांग. बी. कॉम. होऊन बसलेले, बारावीनंतर कॉलेज सोडलेले, हॉटेल मॅनेजमेंटवाले, मधूनच एखाद्या शाळेतल्या बाई. पदवीची अट नाही आणि रात्री घरून न्यायला गाडी, एवढ्यावर रांग वाढायची.

आधी एचआर, मग व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट, मग ऑपरेशन्स, आणि कधी कधी शेवटी क्लायंटचा माणूस फोनवर, असे राउंड. चिठ्ठी उचलून एक मिनिट न थांबता बोलायचं त्याला ‘जॅम’ म्हणायचे. विषय ‘रेनी डे’ नाहीतर ‘माय फेवरिट मूव्ही’. आपल्याकडच्या मुलांचे व्ही आणि डब्ल्यू एकसारखे निघायचे, शब्दातला जोर भलत्याच अक्षरावर पडायचा. व्हॉइसचा ट्रेनर मान खाली घालून टिकमार्क करत राहायचा. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर मात्र सगळ्यांचं पाठ. क्लासवाल्यांनी ते इतकं घोटून घेतलेलं असायचं की नाव आणि गाव बदललं तर एकाचं उत्तर दुसऱ्याला चाललं असतं.

मला त्यातला मॉक कॉल आवडायचा. मी ग्राहक, समोरचा एजंट. माझी ठरलेली तक्रार अशी : पाकीट चोरीला गेलं, त्यात क्रेडिट कार्ड, उद्या सकाळी विमान, आणि तुमच्या बँकेचा फोन लागत नव्हता. मग मी आवाज चढवायचा. एकदा एकाच दुपारी दोघं आले. पहिला कॉन्व्हेंटचा, वाणी स्वच्छ. ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन, मॅम,’ हे त्याने तीन वेळा म्हटलं. तोवर माझं कार्ड चालूच. त्याच्यानंतर लातूरकडची एक मुलगी आली. तिने माझी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि मध्येच म्हणाली, ‘मॅडम, फर्स्ट आय ब्लॉक कार्ड. देन यू टेल.’ नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, चोरीआधीची शेवटची खरेदी कुठली ते विचारलं आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं. मला ओरडायला जागाच ठेवली नाही.

पहिला निवडला गेला. चांगला निघाला, पुढे टीम लीडरही झाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मुलीच्या फॉर्मवर ‘हेवी’ आलं. ऑपरेशन्सचा मॅनेजर तिला घ्यायला तयार होता, पण व्हॉइसचा नकार म्हणजे नकार. उच्चार दहा मिनिटांत ऐकू येतो आणि त्याला गुण देता येतात. माणूस अडचणीत आधी काय करतो, याला गुण द्यायचा रकाना फॉर्मवर नव्हता. डॉलर मोजणाऱ्या क्लायंटलाही तोच फॉर्म दाखवायचा असे.

२००५ मध्ये वारं फिरलं. पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही मुलांनी अमेरिकी ग्राहकांकडून गोड बोलून पिन मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम काढून घेतली. गंमत अशी की ज्यांच्यावर ग्राहक विश्वास टाकतात असे आवाज आम्ही शोधत होतो, आणि नेमका तो विश्वासच वापरला गेला. त्यानंतर आम्ही पत्ता पडताळायला लागलो, जुन्या कंपनीला फोन करायला लागलो, मधल्या चार महिन्यांच्या खंडाचा हिशोब मागायला लागलो. २००६ मध्ये नॅसकॉमने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढली, तिथे बोटांचे ठसे. साध्याभोळ्या मुलांना हे पोलीस चौकीत आल्यासारखं वाटायचं.

२००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातच रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. पुढच्या आठवड्यांत मुलींसोबत वडील यायला लागले. रिसेप्शनवर बसायचे, गाडीत गार्ड असतो का, शेवटचा ड्रॉप मुलीचा ठेवता का, असं आम्हालाच विचारायचे. त्यांचे प्रश्न आमच्या प्रश्नांपेक्षा चांगले होते. आमच्याकडचे काही जण मुलींना ‘लग्न ठरलंय का’ असं बेधडक विचारत, ते थांबायला अजून बरीच वर्षं गेली.

२००८ च्या मंदीत इंजिनिअर आले, मंदी ओसरताच गेले. २०१० च्या सुमाराला आवाजाच्या कामात फिलिपिन्स आपल्या पुढे गेलं आणि अ‍ॅक्सेंटचा तोरा उतरला. पुढची काही वर्षं निव्वळ खुर्च्या भरण्यात गेली. महिन्याला जितके घ्यायचे जवळपास तितकेच सोडून जायचे, आणि मुलाखत आटपायची इतकी घाई की ‘रोटेशनल शिफ्ट चालेल?’ला हो आलं की ऑफर लेटर.

मग ऑक्टोबर २०१६. ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले आणि सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेतल्या लोकांना आयकर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून धमकावण्याचा धंदा तिथे चालायचा. कानाला हेडसेट, हातात स्क्रिप्ट, रात्रपाळी, वरून पाहिलं तर आमच्यासारखंच. त्यानंतर ‘यूएस प्रोसेस, मीरा रोड’ असा अनुभव लिहिलेला बायोडेटा आला की भरतीतले सगळे एकमेकांकडे बघायचे. उमेदवारही हुशार झाले. ‘प्रोसेस जेन्युइन आहे ना मॅडम?’ असं ऑफर हातात घेण्याआधी विचारू लागले. मी त्यांना क्लायंटचं नाव विचारून घ्या, असं सांगायचे.

कोविडने मुलाखत घरात नेली. घरून काम करायला परवानग्या आणि बँक गॅरंटीचं जे लोढणं होतं, ते नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने काढून टाकलं, आणि आम्ही लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावायला लागलो. कुकरची शिट्टी, मागे झोपलेले आजोबा, मध्येच गेलेली लाइट. नजर सारखी डावीकडे जाते म्हणून एकाला कॅमेरा फिरवायला लावला, तर कपाटाआड मोठा भाऊ वही धरून उभा. आता वहीची गरज उरलेली नाही. प्रश्न विचारला की चार सेकंद शांतता, आणि मग चॅटजीपीटीचं गुळगुळीत उत्तर वाचून दाखवलं जातं. पुन्हा सगळ्यांचं उत्तर सारखं. म्हणून मी पुन्हा मॉक कॉलवर आले आहे. आरडाओरडा करणाऱ्या बाईला मध्येच कसं तोडायचं, हे वाचून दाखवायला वेळ मिळत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की टेलिपरफॉर्मन्स ही बडी कंपनी भारतीय एजंटांचे उच्चार बोलता बोलता बदलून ऐकवणारं सॉफ्टवेअर वापरते आहे. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही एवढी माणसं परत पाठवली, ती आता मशीन करतं. बातमी वाचून मी जुन्या सहकाऱ्यांना पाठवली. व्हॉइसच्या ट्रेनरने फक्त हसणारा चेहरा टाकला.

दरम्यान बँका, विमा, जेवण घरपोच देणारी अ‍ॅप्स यांना मराठीत बोलणारे एजंट हवे झाले. गेली काही वर्षं माझी बरीचशी भरती त्याच कामाची असते, आणि त्यासाठी लातूर-सोलापूरकडची मुलं हवी असतात. बोली चालते. ग्राहकाच्या बोलीत उत्तर दिलं तर तो लवकर शांत होतो, असं क्लायंट स्वतःच सांगतात. पगार मात्र इंग्रजी प्रोसेसपेक्षा कमी. मुलं हे विचारतातच, ‘तेच काम, मग पैसे कमी का?’ एचआरची सूचना आहे की ‘कंपनी पॉलिसी’ म्हणायचं. मी सांगते की इंग्रजी प्रोसेसचा क्लायंट डॉलरमध्ये पैसे देतो आणि मराठीचा रुपयांत. काही जण ‘ठीक आहे’ म्हणून सही करतात. काही जण इंग्रजीच्या प्रोसेसला बसवता का, असं विचारतात. त्यांचा मी मॉक कॉल घेते.