ऊब हेच औषध

कन्येकडे अमेरिकेत गेलो असता, जानेवारीतील एका पहाटे फ्लोरिडा राज्यातील क्रिस्टल रिव्हर या नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, चालविण्याचा योग आला. हवेत आपल्या ग्वाल्हेरची आठवण करून देणारा गारठा होता. पाण्यावर मात्र वाफ तरंगत होती.

ही नदी झऱ्यांची. पावसाचे पाणी चुनखडकांत खोल मुरते आणि भूगर्भातील तापमान घेऊन वर येते. उन्हाळा असो वा हिवाळा, झऱ्याचे पाणी सुमारे २२ अंश सेल्सियस. नदीच्या उगमाशी असे सत्तरहून अधिक झरे आहेत. समुद्र थंडावला की मॅनेटी हे शाकाहारी जलचर सस्तन प्राणी या उबेकडे धाव घेतात.

होडीजवळ एक राखाडी सावली वर आली, नाकपुड्या उघडल्या, दीर्घ निःश्वास ऐकू आला. शेजारी पिल्लू होते. ते आईच्या वल्ह्यासारख्या हाताच्या बगलेशी तोंड लावून दूध पीत होते. मॅनेटीची स्तनाग्रे बगलेतच असतात.

पाचशे किलोच्या या प्राण्याला थंडी कशी बाधते? त्याच्या शरीरात उष्णता फार कमी निर्माण होते आणि देवमाशासारखा चरबीचा जाड थरही नसतो. पाणी २० अंशांखाली बराच काळ राहिले, तर तो खाणे सोडतो, मंदावतो, त्वचेवर व्रण पडतात, जंतुसंसर्ग होतो. पिल्ले आधी दगावतात. कारण देह लहान, पण वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे.

हे ऐकताना मला व्यवसायाच्या प्रारंभीचे एक अपुऱ्या दिवसांचे बाळ आठवले. माघातल्या रात्री ते खेड्यातून पातळ दुपट्यात आले होते. मी प्राणवायू लावला, सलाईन लावले. पण अंगाचे तापमान तासाभराने पाहिले. बाळ वाचले नाही. ती चूक माझी होती.

नवजात शिशूची अडचण हीच असते. ते कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. तपकिरी मेदावर त्याची भिस्त, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो मेदही तुटपुंजा. म्हणून जन्मताच बाळ कोरडे करावे, टोपी घालावी, आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी आणि बगलेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश राखावे. बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ‘कांगारू माता’ पद्धती आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मापासूनच सुचविते.

थ्री सिस्टर्स या प्रसिद्ध झऱ्यात हिवाळ्यात होड्यांना प्रवेश नसतो. माणसांची गर्दी झाली, तर मॅनेटी ऊब सोडून थंड पाण्यात जातात. आम्ही बाहेरूनच पाहिले.

आपल्याकडे बारशापूर्वीच बाळ पाहायला आप्तेष्टांची रीघ लागते. दुपटे उघडले जाते, बाळ या हातातून त्या हातात फिरते. प्रेम खरेच, परंतु पहिले काही दिवस ते दुरून करावे. बाळाचा झरा आईच्या छातीशी आहे.