घरच्या एस्प्रेसोसाठी आधी ग्राइंडर बघा!

मशीनवर पैसे उधळण्याआधी चांगला बर ग्राइंडर घ्या. मिक्सरचं पातं बिया नुसत्या फोडतं; पीठ आणि भरड एकत्रच. बजेट बेताचं असेल तर हाताने फिरवायचाच बरा, फक्त क्लिक बारीक हवेत. किंगग्राइंडर के ६ मध्ये एक क्लिक म्हणजे १६ मायक्रॉन, एस्प्रेसोला पुरे.

सुरुवात अशी: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पंधरा सेकंदांतच धो-धो आली, आंबट लागली? दोन क्लिक बारीक करा. थेंब थेंब गळतेय, कडूजहर? दोन क्लिक जाड. वजन मात्र तेच ठेवा, नाहीतर काहीच कळणार नाही.

आणि बोरिवली असो की घाटकोपर, जुलैच्या दमट हवेत मे महिन्यातलं सेटिंग चालेलच असं नाही. बिया हवाबंद डब्यातच ठेवा.