छाटणी चुकलेली द्राक्षबाग : तोडावी की सुधारावी?

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारपीट होऊन द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. पुढे मे २०२५ मध्ये, नेमक्या घडनिर्मितीच्या काळात, पाऊस लागून राहिला. असे एकापाठोपाठ नुकसान झाले की बागेवर आणखी खर्च करण्याची उमेद राहत नाही. एखादी खरड छाटणी चुकते, मग दुसरीही राहते आणि बघता बघता मांडवावर काड्यांचे जंगल होते. लासलगाव, विंचूर परिसरातील बागायतदारासमोर अशा वेळी सरळ प्रश्न असतो : बाग तोडून कांदा लावावा, की वेल पुन्हा ताब्यात आणावी? मांडव, ठिबक आणि जमिनीत मुरलेली मुळे ही अनेक वर्षांची गुंतवणूक असते. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी वेलीची नीट तपासणी करावी.

वेल हाताबाहेर का जाते?

द्राक्षवेलीच्या शेंड्याकडील डोळे आधी फुटतात व बुडाकडील डोळे दबून राहतात. छाटणी झाली नाही तर वाढ दरवर्षी ओलांड्यापासून दूर सरकते आणि ओलांडा उघडा पडतो. वर पानांचे छप्पर दाट होऊन आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही. ऊन न मिळालेली काडी नीट पक्व होत नाही व तिच्या डोळ्यांत घड तयार होत नाही. वेल हिरवीगार दिसते, पण फुटी वांझ निघतात, त्या याच कारणाने. शिवाय अशा कोंदट मांडवात भुरी, केवडा आणि पिठ्या ढेकूण यांना आयता आसरा मिळतो.

आधी तपासणी

खोडाची सैल साल काढून चाकूने किंचित खरवडावे. आत हिरवा थर दिसला तर वेल जिवंत आहे. ओलांड्याचा एक काप घेऊन पाहावा. लाकूड पांढरट व ओलसर असेल तर ते निरोगी समजावे. तपकिरी किंवा काळसर पट्टा दिसल्यास स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागे कापत यावे. खोडाला छिद्रे असून त्यातून भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे. छिद्रात तार घालून अळी काढावी. खोड पोखरून पोकळ झालेल्या वेलीवर पैसे घालू नयेत. बागेतील निम्म्याहून अधिक वेली अशा निघाल्या तर बाग काढणेच शहाणपणाचे. मात्र खोडे निरोगी असतील तर पुढीलप्रमाणे सुधारणा करता येते.

छाटणी किती खोल घ्यावी?

१) ओलांडा चांगला, फक्त काड्या वाढलेल्या : एप्रिलमध्ये नेहमीची खरड छाटणी घ्यावी. वाळलेले लाकूड काढून टाकावे व ओलांड्यालगतच्या काडीवर एक-दोन डोळे ठेवावेत.

२) ओलांड्यावर मोठ्या रिकाम्या जागा : येथे ओलांडाच बदलावा लागतो. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. पहिल्या वर्षी एक बाजू खोडाच्या माथ्याजवळ कापून तेथून निघालेली जोमदार फूट तारेवर बांधावी. दुसऱ्या बाजूची पाने मुळांना पोसत राहतात आणि थोडे उत्पन्नही हाती लागते. पुढील वर्षी दुसरी बाजू बदलावी.

३) दोन्ही ओलांडे निकामी, खोड निरोगी : खोड तारेखाली कापावे. सुप्त डोळ्यांतून फुटी निघतात. वेल डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेली असल्यास काप कलमाच्या जोडापासून निदान एक फूट वर घ्यावा. जोडाखाली कापल्यास खुंट फुटतो आणि आपली जात कायमची जाते. जोडाखालून निघणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच काढावी.

छाटणी करताना

छाटणीपूर्वी बागेस पाणी द्यावे. मांडवाचे अँगल व तारा तपासून घ्याव्यात. गुंतलेल्या काड्या ओढू नयेत, तुकडे करून खाली घ्याव्यात. ओढाताणीत ठेवायचा ओलांडाच चिरतो. जाड लाकडास करवत वापरावी, काप तिरपा घ्यावा व चाकूने गुळगुळीत करावा. कापातून पाणी गळले तरी काळजी नको, ते आपोआप थांबते. पावसाळी हवेत मोठे काप घेऊ नयेत, कारण ओल्या जखमेतून बुरशी शिरते.

काप व खोडास बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात मिसळावेत. सैल साल गोळा करून जाळावी, कारण तिच्याखाली पिठ्या ढेकूण लपतात. इतके दिवस सावलीत असलेला ओलांडा एप्रिलच्या उन्हात उघडा पडतो. तेव्हा डोळे फुटेपर्यंत कडक उन्हात दिवसातून दोन-तीन वेळा त्यावर नुसत्या पाण्याची फवारणी करावी.

नवीन फुटींची जोपासना

खोड कापलेल्या वेलीवर सुरुवातीस तीन-चार फुटी राखाव्यात. वाऱ्याने मोडण्याची भीती संपल्यावर एक सरळ, जोमदार फूट ठेवून ती बांबूस बांधावी. ती तारेपाशी आली की शेंडा खुडून दोन्ही बाजूंस ओलांडे काढावेत. ओलांडा एकदम लांबवू नये. नऊ-दहा पानांवर आला की सहा-सात पानांवर मागे घ्यावा, त्यावरील काड्या फुटू द्याव्यात व मगच पुढे न्यावा. यामुळे मालकाड्या सर्वत्र सारख्या मिळतात.

जुन्या ओलांड्यावर चार-पाच पानांच्या अवस्थेत विरळणी करावी. नऊ बाय पाच फुटांवरील वेलीस साधारण ३० ते ३५ काड्या पुरेत. दुपारी मांडवाखाली उभे राहून पाहावे. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसत असतील तर विरळणी योग्य झाली. नुसती गडद सावली असेल तर आणखी फुटी काढाव्यात.

खतपाण्यात हात आखडता

मुळे जुनी व मोठी, वर मात्र मोजक्या फुटी, अशी स्थिती असते. त्यात युरियाचा मारा केल्यास फुटी माजतात, पेरे लांबतात आणि डोळे वांझ राहतात. म्हणून शेणखत द्यावे, नत्र मात्र बेताने व विभागून द्यावे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवस हा घडनिर्मितीचा नाजूक काळ असतो. तेव्हा पाणी कमी करावे व सात-आठ पानांवर शेंडा खुडून सबकेन करावी. वाढ रोखण्यासाठी संजीवकांवर भिस्त ठेवू नये. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष आढळल्यामुळे युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे अडचणीत आली होती. शेंडा खुडण्याचे काम मजुरीचे असले तरी त्याचा अवशेष राहत नाही.

उत्पन्नाची अपेक्षा

खोड कापलेल्या वेलीवर पहिल्या वर्षी घड धरू नयेत. एक बाजू बदललेल्या वेलीवर जुन्या बाजूस जेवढे पेलेल तेवढेच ठेवावेत. ऑक्टोबर छाटणीपूर्वी काही काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावेत. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळल्यावरच छाटणीचा डोळा ठरवावा.

एका वर्षाचे उत्पन्न सोडणे जड जाते, हे खरे. पण नवीन लागवडीस खुंट लावणे, कलम करणे, सांगाडा उभारणे यात त्याहून अधिक काळ जातो. तेव्हा सर्व बागेस एकदम हात न घालता यंदा एप्रिलमध्ये चार ओळींवर वरील पद्धत करून पाहावी व त्यांचा खर्च आणि फुटी यांची नोंद ठेवून उरलेल्या बागेचा निर्णय घ्यावा.