लेकीची मुलाखत मोबाईलवर आहे? आधी अर्जावरचा नंबर बघा



मागच्या उन्हाळ्यात कंधार तालुक्यातल्या आपल्या एका ताईंच्या मुलीला कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलगी बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. बोलावणं म्हणजे काय, तर व्हॉट्सॲपवर एक लिंक. सकाळी साडेनऊला लिंक आली आणि मुलाखत त्याच दिवशी बाराला. पण अर्जावर नंबर वडिलांचा होता, आणि वडील फोन खिशात टाकून शेतात गेलेले. दुपारी तीनला ते जेवायला घरी आले तेव्हा लिंक पण दिसली आणि तीन मिस्ड कॉल पण. दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीला फोन लावला. जागा भरली होती.

यात मुलीची चूक नाही आणि वडिलांची पण नाही. घरात चांगला फोन एकच, तो त्यांच्याकडे, म्हणून नंबर त्यांचा. आपल्या बहुतेक घरांत असंच आहे. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत मुलाखतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारते, अर्जावर नंबर कुणाचा लिहिलाय? मुलीजवळ स्वतःचा नंबर नसेल तर दिवसभर घरी किंवा गावात असणाऱ्या माणसाचा द्या. आईचा साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, कॉल तर येईल. आणि दुसरा नंबर लिहायला जागा असेल तर ती कोरी सोडू नका.

ही व्हिडिओ मुलाखत आपल्याकडे रुळली ती कोरोनात. २०२० मध्ये जिल्हा कौशल्य विकास केंद्रांनी रोजगार मेळावे ऑनलाइन घेतले, तेव्हा घरबसल्या मुलाखती होऊ लागल्या. कोरोना गेला, पण ही पद्धत राहिली, कारण कंपनीला ती स्वस्त पडते. खरं सांगायचं तर आपल्याला पण पडते. किनवटच्या मुलीला पुण्याला मुलाखतीला जायचं म्हणजे आधी नांदेड गाठायचं, तिथून रात्रीची गाडी, सोबत भाऊ नाहीतर वडील, दोघांचं भाडं, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि एवढं करून "कळवतो" ऐकून परत यायचं. हे सगळं आता अर्ध्या तासात घरात होतं. म्हणून मी म्हणते, या पद्धतीला घाबरायचं नाही. पण हिला वेगळी तयारी लागते, आणि ती एकट्या मुलीला करता येत नाही, घराला करावी लागते.

माझंच सांगते. एमएसडब्ल्यू झाल्यावर माझी पहिली मुलाखत अशीच गावाकडून झाली. मी दाराकडे पाठ करून बसले. उजेड मागून, त्यामुळे समोरच्यांना माझा चेहरा काळा दिसत होता. त्यात आमचं घर माळवदाचं, भिंती जाड, आत रेंज येत नाही. मी दहा मिनिटं "हॅलो, आवाज येतोय का" एवढंच बोलले. मग फोन घेऊन माळवदावर पळाले, तर तिथं वारा. ती नोकरी मिळाली नाही हे सांगायला नको.

तर आता जागेचं बघू. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, ज्या वेळेला मुलाखत आहे नेमक्या त्याच वेळेला, त्याच जागी बसून मावशीला किंवा मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून बघा. सकाळी चांगली असणारी रेंज दुपारी पडते, हे आपल्याला माहीतच आहे. तोंडावर उजेड पाहिजे, म्हणजे दार किंवा खिडकी समोर असली पाहिजे, पाठीमागे नाही. फोन हातात धरायचा नाही, हात थरथरतो आणि समोरच्याला चक्कर येते. दोन डबे एकावर एक ठेवून त्याला फोन टेकवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. नाहीतर समोरच्याला नुसतं आढं आणि हनुवटी दिसते. पत्र्याचं घर असेल आणि पावसाचे दिवस असतील तर दुसरं घर शोधा. पत्र्यावर पाऊस लागला की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही, फोनवर काय येणार.

लाईटचं तुम्हाला मी सांगायची गरज नाही. रात्रीच फोन पूर्ण चार्ज करून ठेवा. डेटाचं मात्र सांगते, कारण इथं खूप जणी फसतात. तासभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्ध्यापासून दीड जीबीपर्यंत डेटा जातो. आपला पॅक रोज दीड जीबीचा असतो, आणि भावाने सकाळी उठून रील बघितले की अकरापर्यंत तो संपतो. मुलाखतीच्या दिवशी दुपारपर्यंत त्या फोनवर कुणीच काही बघायचं नाही, असं घरात आदल्या रात्री जाहीर करून टाका.

आणखी एक युक्ती, माझ्या फार कामी आली आहे. घरात दोन स्मार्टफोन असतील तर एकाचा हॉटस्पॉट चालू करा. दुसरा फोन, ज्यावर मुलाखत द्यायची, तो विमानाच्या चिन्हावर टाका आणि मग फक्त वायफाय चालू करून हॉटस्पॉटला जोडा. असं केलं की मध्येच मामाचा फोन येत नाही. एकच फोन असेल तर "डू नॉट डिस्टर्ब" चालू करा आणि सगळ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

फोन भावाचा असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. गुगल मीटवर ज्याचं खातं त्याचं नाव दिसतं. आपल्या एका मुलीच्या मुलाखतीत स्क्रीनवर नाव आलं "ॲटिट्यूड किंग", आणि चित्र सिंहाचं. समोरचे सर हसले म्हणून निभावलं. मुलीच्या नावाचं स्वतःचं जीमेल खातं काढा, फुकट आहे, आणि पुढं दहा ठिकाणी लागणारच आहे. लिंक उघडायचं ॲप पण आदल्या दिवशीच टाकून ठेवा.

आता बोलायचं काय. मला इथं जरा जास्त लिहायचंय, कारण रेंज जुळली तरी आपल्या बायका इथं अडतात. आणि ही गोष्ट फक्त लेकींची नाही. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा वयाची अट सगळ्यांना १५ ते ३५ होती, पण महिलांना ४५ पर्यंत सवलत ठेवली. म्हणजे तुमच्यातल्या पुष्कळ जणी स्वतः मुलाखतीला बसू शकतात.

लोहा तालुक्यातल्या एका ताईंची आम्ही सराव मुलाखत घेतली. मी विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा."
त्या म्हणाल्या, "काय सांगू मॅडम, काहीच नाही. घरीच असते."

घरीच असते! ही बाई चार वर्षं गटाचे लेखे लिहिते. मी त्यांच्यासमोर त्यांचंच रजिस्टर उघडून ठेवलं आणि म्हणाले, हे बघून सांगा. मग जे निघालं ते असं: "मी चार वर्षांपासून आमच्या गटाचा हिशोब लिहिते. गटात ११ जणी आहेत. दर महिन्याला बैठक, प्रत्येकीची बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड सगळं मी नोंदवते. बँकेचं दोन लाखांचं कर्ज घेतलं होतं, ते वेळेत फेडलं. बँकेत जाऊन स्लिप भरणं, पासबुक मिळवणं हे मीच करते." एवढं बोलायला त्यांना एक मिनिट पण लागला नाही. हिशोब, बँक, माणसं सांभाळणं, वेळ पाळणं, सगळं त्यात आलं. आपण दशसूत्री म्हणून पाठ म्हणतो, पण ते कामाचा अनुभव म्हणून सांगायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. लातूर पॅटर्नने आपल्याकडच्या मुलांना मार्क कसे मिळवायचे ते शिकवलं, स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला शिकवायचं मात्र राहून गेलं असं मला वाटतं.

पाठ करू नका. पाठ केलेलं लगेच कळतं, आणि मध्येच रेंज गेली की सगळं विसरतं. मोठ्या अक्षरात चार-पाच शब्द एका कागदावर लिहा आणि तो फोनच्या मागे भिंतीवर चिकटवा. व्हिडिओ मुलाखतीचा हा एक फायदा आहे, समोर बसून दिली असती तर चिठ्ठी लावता आली नसती.

भाषेचं दडपण बाळगू नका, उलट भाषा मोजून सांगा. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या मुलींना तेलुगू येतं. उदगीर, देवणी, निलंग्याकडं कन्नड कळतं. आपल्यातल्या कितीजणी घरात गोरमाटी बोलतात, हिंदी तर बाजारातच शिकतात. मुलाखतीत मात्र मुली खाली मान घालून म्हणतात, "इंग्लिश येत नाही." अहो, फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामाला, दुकानाच्या कामाला हैदराबादपासून पुण्यापर्यंत दोन-तीन भाषा बोलणारी मुलगी पाहिजेच असते. आधी येणाऱ्या भाषा सांगा, मग इंग्रजीचं: "वाचता येतं, बोलायला शिकतेय."

व्हिडिओवर आवाज किंचित उशिरा पोचतो. म्हणून समोरच्याचं बोलणं संपलं की मनात "एक" म्हणा आणि मग बोला, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा बघत बसू नका, वर कॅमेऱ्याचा ठिपका असतो तिकडं बघा. कॉल तुटला तर रडकुंडीला यायचं नाही. तीच लिंक परत दाबायची. नाहीच लागली तर ज्या नंबरवरून बोलावणं आलं तिथं लगेच मेसेज टाकायचा. परत जोडल्यावर एवढंच म्हणा: "सर, रेंज गेली होती, माफ करा. शेवटचा प्रश्न परत सांगाल का?" रेंज जाते हे त्यांना पण माहीत असतं. तुम्ही कशा सावरता हे ते बघतात.

कपड्यांचं फार विचारतात म्हणून सांगते. साडी असो की ड्रेस, स्वच्छ आणि साधा. डोक्यावर पदर असला तरी हरकत नाही, चेहरा दिसला म्हणजे झालं. आयांना मात्र एक विनंती, मागे उभं राहून "सांग की गं" असं कुजबुजू नका. सगळं ऐकू जातं. तुमचं काम तेवढा वेळ लेकरं सांभाळायचं, कुकर बंद ठेवायचं आणि दारात कुणी आलं तर त्याला अंगणातच बसवायचं. हे काम लहान नाही.

"लग्न कधी करणार?" हा प्रश्न मुलींना हमखास विचारतात. मला तो आवडत नाही, पण मुलाखतीत भांडून उपयोग नाही. "सध्या मला काम करायचंय, घरच्यांशी बोलणं झालंय" एवढं पुरे. पण ते बोलणं खरंच झालेलं असू द्या. निवड झाल्यावर वडील नको म्हणाले अशी उदाहरणं मी याच वर्षी दोन बघितली.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं ते म्हणतात, तेव्हा "नाही सर" म्हणू नका. हातात पगार किती पडेल ते विचारा, कारण पीएफ लागू असेल तर मूळ पगाराच्या १२ टक्के तिकडं जातात. राहायची सोय कुठं, मुलींसाठी वेगळी आहे का, पाळी कितीची आहे, हे विचारा. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या मध्ये बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची सोय मालकाला करावी लागते. हे आई-वडिलांना पण सांगा, त्यांची अर्धी भीती त्याचीच असते. आणि नेमणुकीचं पत्र लेखी मागा.

आता फसवणुकीचं. व्हिडिओवर कुणीही टाय लावून बसू शकतो. नोकरी देणारा पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशनचे, ड्रेसचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, कशाचेच नाही. ओटीपी मागितला तर कॉल कट करा. "स्क्रीन शेअर करा आणि बँकेचं ॲप उघडून दाखवा" म्हणाले तरी कट करा, कारण तुमच्या स्क्रीनवरचं सगळं त्यांना दिसतं. रात्री दहाला अनोळखी नंबरवरून आलेला व्हिडिओ कॉल ही मुलाखत नसते, उचलू नका. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि "मुलीनेच केलं" म्हणून तिचा फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही.

ज्यांच्या घरी रेंज नाही किंवा शांत जागा नाही त्यांनी संघाच्या कार्यालयात या. आतली खोली आपण मुलाखतीसाठी मोकळी ठेवतो, खिडकी समोर येईल असं टेबल लावलंय, रेंज चांगली आहे. एक दिवस आधी फोन करून वेळ सांगा, म्हणजे त्या वेळेला गटाची बैठक तिथं ठेवणार नाही. सराव करायचा असेल तर मी किंवा आपल्या सीआरपी ताई समोर बसू. चार्जर मात्र ज्याचा त्याने आणा, कार्यालयातला दोनदा हरवलाय.