नाताळ, तुरुंग आणि लॅटिन संतचरित्रे

ग्वाल्हेरच्या नया बाजारात मराठी घरातील एखाद्या आजीबाई 'त्या पोराला चांगली शिक्षा मिळाली' असे समाधानाने म्हणाल्या, तर शेजारचा हिंदीभाषी दुकानदार त्यांचे अभिनंदन करील. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या. 'संसार' या शब्दाचीही तीच गत. मराठी माणसाचा संसार चूल, मुलेबाळे आणि महिन्याचा खर्च यांत मावतो; हिंदीत त्याच शब्दात सारे विश्व येते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास येथे पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे नगर झाले. तेव्हापासून या दोन भाषा येथे एकमेकींच्या ओसरीवर नांदत आल्या आहेत. त्यामुळे शब्द तोच राहून त्याचा अर्थ बदलतो, हे तेथील मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

लॅटिन भाषेतील प्राचीन ख्रिस्ती संतचरित्रे वाचू इच्छिणाऱ्याला नेमकी हीच जाण उपयोगी पडते. लॅटिन शिकणारा विद्यार्थी बहुधा सीझर आणि सिसेरो यांच्या मार्गाने जातो. व्याकरण पाठ होते, दोन-तीन हजार शब्द तोंडी बसतात, आणि मग तो तिसऱ्या-चौथ्या शतकातील एखादे संतचरित्र उघडतो. वाक्ये सोपी असतात. सिसेरोच्या लांबलचक वाक्यांपुढे ती बाळबोधच वाटतात. तरीही अर्थ जुळत नाही. शब्द ओळखीचे असतात, पण ते दुसऱ्याच गावाला राहावयास गेलेले असतात. 'सैकुलुम' हा शब्द घ्या. सिसेरोच्या काळी त्याचा अर्थ पिढी, युग, शतक असा होता. ख्रिस्ती लेखकांनी तो या नश्वर जगासाठी, संत ज्याचा त्याग करून जातात त्या प्रपंचासाठी योजिला. आपल्या संतांच्या तोंडचा 'संसार' त्याच्या फार जवळचा आहे.

या अर्थांतराचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी घराघरात आहे. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'नाताल'वरून मराठीत आला, आणि तो मूळचा लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. परंतु संतचरित्रात एखाद्या संताचा 'नातालिस' अमुक तारखेस असतो असे वाचून जो त्याचे जन्मवर्ष शोधू लागेल, तो फसला. तेथे नातालिस म्हणजे मृत्युदिन. देह ठेवला तो दिवस म्हणजे चिरंतन जीवनात जन्म झाल्याचा दिवस, अशी त्या लोकांची भावना होती. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याला मारण्यात आले; त्याच्या ग्रीक वृत्तांतातही हुतात्म्याच्या मरणाचा दिवस जन्मदिन म्हणून पाळण्याची भाषा आढळते. रोम येथे ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी आहे. तिच्या आरंभी २५ डिसेंबरला येशूच्या जन्माची नोंद आहे, आणि तिच्याखाली क्रमाने माणसांचे मृत्युदिन लागले आहेत. आळंदीला ज्ञानेश्वरांचा समाधिदिन आणि देहूला तुकारामबीज पाळणाऱ्या मराठी मनाला ही कल्पना परकी वाटू नये. तुकारामांची जन्मतिथी कितीजणांच्या लक्षात असते? बीज मात्र विसरत नाही.

ज्याला आपण सहज हुतात्मा म्हणतो, तो शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. शब्द भव्य आहे यात शंका नाही. पण लॅटिनमधील 'मार्तिर' हा ग्रीकमधून आलेला शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ साक्षीदार असा आहे. न्यायालयात उभा राहून पाहिलेले सांगतो तो मार्तिर. नया बाजारातला दुकानदार 'शहीद' म्हणतो. तो अरबी शब्दही साक्ष देण्याच्या धातूपासूनच निघालेला. म्हणजे या ठिकाणी बाजारातली हिंदी मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, हे कबूल करावे लागते. हा भेद ध्यानात न घेतला, तर या चरित्रांतील प्रसंग न्यायासनासमोर का घडतात आणि त्यांत प्रश्नोत्तरांना इतके महत्त्व का, हे उमगत नाही. 'कोन्फेसोर' हा त्याच कुळातला शब्द. रोमन कायद्यात 'कोन्फितेरी' म्हणजे गुन्हा कबूल करणे. आरोपी ख्रिस्ती माणूसही कबूलच करीत असे. पण अधिकाऱ्याला त्यात अपराधाची कबुली ऐकू येई आणि आरोपी आपल्या श्रद्धेची ग्वाही देत असे. एकाच दालनात, एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे ठाकलेले असत. छळ सोसूनही जिवंत राहिलेल्याला पुढे कोन्फेसोर ही पदवी लाभली.

यांपैकी कोणताही शब्द चुकला तर नुकसान काय, हे पेर्पेतुआच्या वृत्तांतावरून कळते. कार्थेज येथे २०३ सालच्या ७ मार्चला तिला इतरांसह श्वापदांपुढे सोडण्यात आले. वय सुमारे बावीस, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारे मूल पदरी. या वृत्तांताचा मोठा भाग तिने स्वतः कैदेत लिहिला असल्याचे त्यातच सांगितले आहे. प्राचीन काळातील स्त्रीचे स्वतःचे गद्य लेखन अगदी विरळा, आणि हे तर मरणाच्या छायेत झालेले. तिचा वृद्ध पिता तिला परोपरीने विनवतो. तेव्हा ती जवळ पडलेल्या एका भांड्याकडे, चंबू म्हणा की दुसरे काही, बोट दाखवते आणि विचारते की, याला त्याच्या नावावाचून दुसरे काही म्हणता येईल काय? नाही म्हणताच ती म्हणते, मलाही मी आहे त्याहून दुसरे काही म्हणता येणार नाही. नाव आणि वस्तू यांच्या संबंधावर तिने आपले आयुष्य तोलून ठेवले. अशा बाईचे शब्द कोशातला पहिला अर्थ घेऊन वाचणे बरे नव्हे.

त्या कैदेचेच शब्द पाहावेत. एके दिवशी कैद्यांना 'नेर्वुस'मध्ये ठेवले होते, असे ती सांगते. नेर्वुस म्हणजे स्नायू, शीर. त्यावरून बंधन, आणि त्यावरून पाय अडकवण्याचा खोडा. मराठीतही झाडाच्या खोडापासून कैद्याचा खोडा झाला. गंमत अशी की, लॅटिनमध्ये खोडाला 'त्रुन्कुस' म्हणत. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'त्रोंकु' होऊन त्याला खोडा आणि बंदिशाळा असे अर्थ आले, आणि गोव्याच्या वाटेने तोच शब्द आपल्याकडे 'तुरुंग' होऊन बसला. मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळताच ती कैद आपल्याला 'प्राइतोरियुम'सारखी, म्हणजे सुभेदाराच्या वाड्यासारखी वाटू लागली, असे ती आई लिहिते.

'रेफ्रिगेरियुम' या शब्दाने तर भल्याभल्यांना चकविले आहे. मूळ अर्थ थंड करणे. हल्लीच्या शीतकपाटाचे इंग्रजी नाव त्याच कुळातले आहे. पेर्पेतुआला स्वप्नात आपला सातव्या वर्षी चेहऱ्याच्या दुर्धर रोगाने वारलेला भाऊ दिनोक्रातेस दिसतो. तो तहानेला आहे. समोर पाण्याने भरलेले कुंड आहे, पण त्याचा काठ त्याच्या उंचीहून वर आहे. ती त्याच्यासाठी प्रार्थना करते. काही दिवसांनी पुन्हा स्वप्न पडते. काठ खाली आला आहे, मुलगा पाणी पितो आणि लहान मुलांसारखा खेळावयास निघून जातो. त्या वेळच्या त्याच्या अवस्थेला ती हाच शब्द लावते. 'ताजातवाना झाला' हे भाषांतर अपुरे, आणि 'विश्रांती पावला' हे कोरडे. मराठीला मात्र येथे हाताशी शब्द आहे: निवणे. मुलगा निवला. मृतांना पाणी देण्याची रीत पाळणाऱ्या समाजात या शब्दाचा ओलावा आपोआप पोहोचतो. अर्थात तर्पण आणि ती प्रार्थना या दोन गोष्टी एक आहेत, असे मात्र समजू नये.

लॅटिन ख्रिस्ती शब्दसंग्रहातील मोठा वाटा ग्रीकचा आहे. सभेला 'एक्लेसिया', देखरेख करणाऱ्याला 'एपिस्कोपुस', एकाकी राहणाऱ्याला 'मोनाखुस', ओसाड रानाला 'एरेमुस'. मिसर देशातील संत अँटनीचे आथानासियसने लिहिलेले ग्रीक चरित्र अंतिओखच्या एवाग्रियसने ३७४ पूर्वीच लॅटिनमध्ये आणले, आणि त्याबरोबर अरण्यवासाची ही सारी परिभाषा पश्चिमेत रुळली. (पादुआचा संत अँटनी हा तेराव्या शतकातला, दोघांची गल्लत वारंवार होते.) पुढे हेच शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले. एक्लेसियाची इगर्ज झाली, एपिस्कोपुसचा बिस्प झाला, क्रूस आला, पाद्री आला, आणि 'पानिस'चा पाव आला. संत जेरोमने लिहिलेल्या तपस्वी पॉलच्या चरित्रात कावळा त्याला रोज अर्धा पानिस आणून देतो. अँटनी भेटीस आल्या दिवशी मात्र पुरता आणतो.

हे शब्द तसेच ठेवावेत की आपले योजावेत, हा प्रश्न गोव्यात मराठी ग्रंथ रचणाऱ्या जेझुइटांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' म्हणण्यास संकोच केला नाही. काही धर्मसंज्ञा मात्र युरोपीय रूपातच ठेवल्या. त्यानंतर क्रुआ या फ्रेंच धर्मगुरूने संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचले आणि सालदान्य याने पादुआच्या अँटनीची जीवितकथा लिहिली. दोघांनीही संतचरित्र मराठीत आणताना हाच तराजू हाती धरला. मूळ लॅटिन चरित्रकारांनी ग्रीक शब्दांच्या बाबतीत जे केले, तेच हे मराठी भाषेत करीत होते. त्यांचे ग्रंथ लॅटिनच्या अभ्यासाआधी चाळावेत. डोळा तयार होतो.

मराठी विद्यार्थ्याजवळ आणखी एक भांडवल आहे, ते संस्कृतचे. पातेर-पितृ, मातेर-मातृ, फ्रातेर-भ्रातृ, विदुआ-विधवा, इग्निस-अग्नि, देउस-देव, नोमेन-नामन् या जोड्या सर्वांना ठाऊक आहेत. 'क्रेदो', म्हणजे मी विश्वास ठेवतो, हा शब्द आणि वेदांतील 'श्रद्धा' ही सख्खी भावंडे आहेत, हे मात्र थोड्यांच्या लक्षात येते. पण नाते सांगणारा शब्द अर्थ सांगेलच असे नाही. 'विर्तूस' हा 'विर'पासून झाला आणि विर म्हणजे वीर. जुन्या लॅटिनमध्ये विर्तूस म्हणजे शौर्य, पुढे सद्गुण. तूर येथील संत मार्टिनचे चरित्र सुल्पिकियस सेवेरस याने ३९७ च्या सुमारास लिहिले. त्यात मार्टिनच्या 'विर्तूतेस' येतात तेथे सद्गुणांची यादी समजून वाचणारा गोंधळून जातो, कारण तेथे रोगी बरे होत असतात. विर्तूस म्हणजे येथे दैवी सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याने घडलेला चमत्कार. 'लीळाचरित्र' वाचताना 'लीळा' म्हणजे खेळ एवढेच धरून चालत नाही, तसेच हे.

याच मार्टिनने आमियाँच्या वेशीत थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. त्या झग्याला पुढे 'काप्पा' म्हणू लागले. तो जेथे जपून ठेवीत ते स्थान 'कापेल्ला', आणि त्यावरून गोव्यातील गावोगावची कपेले.

शब्द शिकण्याची रीत यावरून आपोआप ठरते. याद्या पाठ करू नयेत. वहीत तीन रकाने आखावेत: सिसेरोच्या काळचा अर्थ, संतचरित्रातील अर्थ, आणि मराठीत त्या जागी काय म्हणता येईल ते. तिसरा रकाना भरताना घाई करू नये; 'कोन्वेर्सातियो'पुढे 'संभाषण' लिहिण्याचा मोह होतो, पण या ग्रंथांत त्याचा अर्थ राहणी, आचरण असा आहे. त्याचबरोबर लॅटिन बायबलमधील मार्काचे शुभवर्तमान मराठी पाठ शेजारी ठेवून वाचावे, कारण हे चरित्रकार बायबलच्याच शब्दांत विचार करीत. पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल, जे त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले, या कामी चांगले. मुळापर्यंत जाण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषा शिकून घेतल्या होत्या, आणि खेड्यातल्या बायकांना समजेल असा शब्द शोधण्याचा त्यांचा कटाक्ष होता. कोशांत, फ्रेंच येत असल्यास, ब्लेज याचा १९५४ चा ख्रिस्ती लेखकांचा लॅटिन कोश जवळ असावा.

आरंभ कोणत्या चरित्राने करावा, याबद्दल फारसा वाद नको. स्किलियुम गावच्या बारा जणांची कार्थेज येथे १७ जुलै १८० रोजी झालेली सुनावणी अवघी पान-दीड पानाची आहे. ख्रिस्ती लोकांनी लॅटिनमध्ये लिहिलेला, तारीख ठाऊक असलेला तो सर्वांत जुना मजकूर. सुभेदार सातुर्निनस विचारतो, स्पेरातुस उत्तर देतो. विचार करावयास तीस दिवसांची मुदत देऊ केली जाते, ती ते नाकारतात. त्यांच्या पेटीत काय आहे असे विचारल्यावर, ग्रंथ आणि पौलाची पत्रे आहेत असे उत्तर मिळते. पेटीला शब्द आहे 'काप्सा', आणि त्याचा अर्थ सिसेरोच्या काळी होता तोच आहे.