असुरांच्या बळाचा निवाडा

पनवेलहून मुंबईकडे निघालेल्या हार्बर मार्गाच्या गाडीत खारघर येईपर्यंत तरुण मंडळींचा जो वाद हमखास रंगतो, की ‘तुंबाड’ चित्रपटातला हस्तर, महिषासुर आणि गॉडझिला यांची झुंज लावली तर सरशी कोणाची, त्या वादाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती देह जितका विशाल तितके बळ अधिक, सबब उंची, वजन आणि हातांची संख्या यांची बेरीज मांडली की निवाडा आपसूक हाती येतो, या त्यामागच्या समजाला.

वस्तुतः आपल्या पुराणांतील असुराचे सामर्थ्य बहुधा देहापेक्षा त्याला लाभलेल्या वरात वसते, आणि वर हा करारनाम्यासारखा असल्याने सारे काही त्यातील कलमांवर अवलंबून राहते. रावणाने देव, दानव, यक्ष यांच्यापासून अभय मागून घेतले आणि मनुष्याला क्षुद्र लेखून यादीतून वगळले. हिरण्यकशिपूने आत-बाहेर, दिवस-रात्र अशी सगळी कलमे घालून घेतली, पण उंबरठा आणि तिन्हीसांज यांची तजवीज करावयाची राहून गेली. देवीमाहात्म्यातील रक्तबीजाची गोष्ट तर याहून बोलकी आहे: त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडताच दुसरा रक्तबीज उभा राही, म्हणून देवी शस्त्रे चालवीत असता चामुंडेने ते रक्त वरच्या वर प्राशन केले आणि तो महाबलाढ्य असुर रक्तहीन होऊन कोसळला. आता या गृहस्थाचे बळ मोजावयाचे ते भूमीवर की चामुंडेच्या मुखात, हे बेरीज मांडणाऱ्यांनीच एकदा सांगून टाकावे! सोमदेवाच्या कथासरित्सागरातील वेताळाला राजा खुशाल खांद्यावर टाकून चालू लागतो. वेताळाचा सारा जोर त्याच्या प्रश्नात. खुद्द हस्तरालाही पिठाचे रिंगण ओलांडता येत नाही.

हस्तर हे कोकणातील प्राचीन दैवत, हाही एक समज. त्याला पुराणांत दाखला नाही. 2018 च्या त्या चित्रपटाकरिता रचलेली ती कल्पित कथा आहे, आणि त्या नावाशी जुळणारा हास्तुर 1891 साली अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या कथेत येतो तो मेंढपाळांचा सौम्य देव म्हणून.

वेताळ म्हणजे निव्वळ भूत, असे म्हणणाऱ्याने कोकणात किंवा गोव्यात ग्रामदैवत म्हणून त्याची पूजा चालते तेथे जाऊन यावे.

राहता राहिली उंची. 1954 साली गॉडझिला 50 मीटरांचा होता. 1933 च्या चित्रपटातील किंग काँग सहा-सात मीटरांच्या आसपासचा, त्याला 1962 साली गॉडझिलाशी भिडवावयाचे ठरताच निर्मात्यांनी 45 मीटरांपर्यंत वाढविले. ज्या मापावर विसंबून गाडीत आवाज चढतात, ते असे कागदावर बदलते. त्या चित्रपटाच्या जपानी आवृत्तीत गॉडझिला जिंकतो ही तर निखालस कंडी आहे: जपानी आणि अमेरिकन, दोन्ही आवृत्त्यांत अखेरीस समुद्रातून वर येऊन घराकडे पोहत जातो तो काँगच.